कासव दिसेल ना?

फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला. "काकू, कासव नक्की दिसेल ना?" खोली आहे का, जेवायला काय, गाडी दारापर्यंत येते का, हे सगळं त्यानंतर. परवा रात्री पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. लेकाने फोन माझ्या कानाला धरला. मी म्हटलं, "नक्की नाही सांगता येणार. पिल्लं वाळूतून कधी वर येतील ते त्यांच्यावर आहे." ते म्हणाले, "मग नाही दिसली तर पैसे परत?" मी नाही म्हटलं. घरी विचारून सांगतो म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांच्यावर माझा राग नाही. चार माणसांचा खर्च करायचा, सहा-सात तास गाडी चालवत यायचं आणि रिकाम्या वाळूकडे बघून परतायचं, हे कोणालाही जड जाईल. पण "नाही दिसलं तर पैसे परत" या बोलीने किनाऱ्यावर काय काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि एकदा ते माझ्याच हातून झालंय. ते नीट लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं.

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. नाव मुद्दाम लिहीत नाही. आमची पुळण लहान, मोसमात दहा-बारा घरटी मिळाली तर खूप. वेळास, आंजर्लं ही नावं लोकांना ठाऊक आहेत, आणि गर्दी सांभाळायची सवय त्या गावांनी करून घेतलीय. आमच्याकडे आठ घरांत मिळून तीस माणसं झोपतात. एकतिसावा आला तर त्याला गादी नाही.

मी लग्न होऊन इथे आले १९९८ साली. माहेर चिपळूणच्या वरच्या अंगाला, त्यामुळे समुद्र सहलीपुरताच पाहिलेला. पहिल्याच थंडीत सासूबाईंनी एका सकाळी टोपलीभर पांढरी अंडी आणली. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पण हाताला मऊ, बोटाने दाबलं तर खळगा पडायचा. कोंबडीच्या अंड्यासारखी ती टचकन फुटत नाहीत, कातड्यासारखी फाटतात. "कितीही उकळ, पांढरं काय घट्ट होत नाय," सासूबाई म्हणाल्या. खरंच, आतला बलक शिजला आणि भोवतीचं पाणी तसंच राहिलं. मी खाल्लं. चव आठवत नाही, ते पाणी आठवतं.

अंडी चुलत सासऱ्यांनी काढलेली. कासवीण रात्री वर येऊन गेली की पहाटे वाळूत तिचा माग दिसतो, दोन-अडीच फूट रुंद, ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा. माग जिथे वळतो तिथे ते बारीक काठी टोचत जायचे. घट्ट वाळूत काठी अडते, घरट्याच्या तोंडाशी भसकन आत जाते. एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी. थोडी घरात, बाकी बाजारात. कायद्याने या कासवाला वाघाइतकं संरक्षण आहे, हे तेव्हा वाडीत कोणाला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी सकाळच्या चुलीपुढे त्याचा उपयोग झाला असता असं मला वाटत नाही.

उत्तरेला वेळासमध्ये २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांनी, घरटी राखायला सुरुवात केली. २००६ पासून तिथे कासव महोत्सव होऊ लागला, पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला लोक येऊ लागले. त्या महोत्सवातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे पाहुण्यांसाठी हॉटेल बांधलं नाही, त्यांना गावातल्या घरांत उतरवलं. जी बाई पोळ्या लाटते तिच्याच हातात पैसे पडतात. आंबोळीचं पीठ कोणाच्या गिरणीतून, नारळ कोणाच्या आगरातले, स्टँडवरून आणणारी सहाआसनी कोणाची, असा तो पैसा गावभर फिरतो. मग कोणी काठी घेऊन पहाटे पुळणीवर निघालं तर त्याला अडवायला वनरक्षक लागत नाही, शेजारीण पुरते.

आमच्याकडे हे बऱ्याच उशिरा आलं. वन खात्याच्या मदतीने सुरूच्या बनाच्या कडेला जाळी मारून हॅचरी केली, म्हणजे पुळणीवरची अंडी आणून पुरायची राखलेली जागा, आणि ती राखायला कासवमित्र म्हणून उभे राहिले तेच चुलत सासरे. गावात दुसऱ्या कोणाला माग वाचता येत नव्हता.

घरटं हलवणं हे किती नाजूक काम आहे ते पाहुण्यांना सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. अंडी घातल्यापासून काही तासांतच ती उचलायला हवीत. उशीर झाला तर आतला जीव कवचाला वरच्या बाजूने धरून बसतो, आणि मग अंडं नुसतं फिरलं तरी तो मरतो. म्हणून पहाटे चारला निघायचं. अंडं जसं पडलंय तसंच, वरची बाजू वर ठेवून, पाटीत ओल्या वाळूवर मांडायचं. हॅचरीतला खड्डा घागरीसारखा करायचा, तोंड अरुंद आणि पोट मोठं, दीड फूट खोल. चुलत सासरे पालथे पडून खांद्यापर्यंत हात आत घालतात आणि आतलं पोट तळव्याने गोल करत नेतात. डोळे मिटलेले असतात तेव्हा त्यांचे. कासवीण हेच मागच्या पायांनी, मागे न बघता करते. अंडी घालून झाली की खड्डा बुजवते आणि अंग डावीकडे-उजवीकडे आपटून वाळू चोपते. चाळीस किलोचं जनावर, तो दबका धप्‌ धप्‌ आवाज शांत रात्री बऱ्याच अंतरावरून ऐकू येतो. मी तो आजवर तीनदा ऐकलाय.

खड्डा भरला की वर नंबराची पाटी, तारीख, अंड्यांची संख्या. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस. वाळू तापलेली असली तर माद्या जास्त होतात, गार असली तर नर, म्हणून फेब्रुवारीनंतर हॅचरीवर हिरवी जाळी टाकतो. दिवस भरत आले की प्रत्येक घरट्यावर बांबूची टोपली पालथी घालतो आणि तासातासाला उचलून बघतो.

आता २०१७ मधल्या त्या रविवारबद्दल.

मुंबईच्या एका सहलवाल्याने पंचेचाळीस माणसांची बस ठरवली होती. जेवण, नाश्ता, सगळ्याचे पैसे आमच्या बचत गटाला, आणि आमच्या गावाच्या मानाने ती रक्कम मोठी होती. त्याने आपल्या लोकांना "पिल्लं बघायची गॅरंटी" देऊन ठेवलेली. बस सकाळी साडेसहाला पोचणार होती. पहाटे पाचला टोपलीखाली पिल्लं आली, त्रेसष्ट. साडेसहा झाले, बस नाही. मग फोन. घाटात रखडलो, सोडू नका, अर्ध्या तासात येतो. तो अर्धा तास तीन वेळा झाला. आम्ही बायकांनी पिल्लं प्लास्टिकच्या टबात घेतली, खाली ओली वाळू घातली, वर ओलं गोणपाट टाकलं. बस आली सव्वानऊला.

पिल्लू वाळूतून वर येतं तेव्हा त्याच्या पोटात बलकाचा उरलेला साठा असतो. तेवढ्यावर त्याला लाटा ओलांडून, किनाऱ्याजवळचे मासे आणि पक्षी चुकवून, पहिला दिवसभर न थांबता आत पोहायचं असतं. ती शक्ती त्यांनी चार तास आमच्या टबाच्या भिंतीशी खरवडत घालवली. तो आवाज मला अजून येतो, कोरड्या पानांवर पाऊस पडायला लागावा तसा. आम्ही तो ऐकत चहा करत होतो.

सोडली तेव्हा वाळू तापायला लागली होती. एरवी पिल्लं घाईने पाण्याकडे जातात, ही चार हात चालून मान टाकत होती. माणसं दोरीच्या आत येऊन फोन धरत होती. घारीने डोळ्यांदेखत दोन उचलली, कावळ्यांनी किती ते मोजलं नाही. काही आम्ही हाताने पाण्यात नेऊन ठेवली, लाटेने ती परत वर आणली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहलवाला खूश झाला, ठरल्यापेक्षा पाचशे रुपये जास्त देऊन गेला.

चुलत सासरे जाळीशी उभे होते. बस गेल्यावर म्हणाले, "मी अंडी काढायचो ती घरातल्या पाच माणसांच्या पोटासाठी. ह्ये कोणासाठी केलं?" कोणी उत्तर दिलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी नणंदेकडे विदर्भात गेले होते, तिने जंगलात सफारीला नेलं. उघड्या जिप्सीत थंडीने कुडकुडत निघालो. एका वळणावर आठ-दहा जिप्स्या दाटीने उभ्या. पलीकडे वाघीण आणि तिचे दोन बछडे, त्यांना रस्ता ओलांडायचा होता आणि जागाच नव्हती. ती झुडपात मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. आमचा ड्रायव्हर जवळच्याच गावचा, वीस-बावीसचा मुलगा. मी त्याला गाडी मागे घे म्हटलं. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, वाघ दाखवला तर टीप. नाही दाखवला तर पाहुणे तोंड फिरवून जातात." त्याच्या बोलण्यात मला माझा टब दिसला.

आमच्या या पट्ट्यातही डॉल्फिन दाखवायला होड्या जातात. फळ्यावर लिहिलेलं असतं, दिसला नाही तर पैसे परत. मग एक डॉल्फिन श्वासासाठी वर आला की चारी बाजूंनी इंजिनं त्याच्यावर सुटतात. होडीवाल्याचं डिझेल जळालेलं असतं, तो तरी काय करणार? म्हणून मला वाटतं, दोष शोधायचा तर त्या फळ्यावर शोधावा. पाहुणा पैसे कशाचे देतोय, हे तिथे चुकीचं लिहिलंय.

आम्ही आमच्या पुरता फळा बदलला. पैसे राहण्याचे आणि जेवणाचे, आगाऊ, आणि ते परत नाहीत. पिल्लं वर आली की त्यांच्या वेळेला सोडायची, पहाट किंवा संध्याकाळ. पाहुणा झोपला असेल तर उठवू, रस्त्यात असेल तर थांबणार नाही. माणशी दिवसाचे जे घेतो त्यातले शंभर रुपये निधीच्या वहीत. त्या निधीतून नोव्हेंबर ते मे रात्रपाळीच्या दोघांना पगार, घरटी दोन असोत की बारा, पाहुणे येवोत न येवोत. घरांना पाहुणे पाळीने, कोणाची फरशी चांगली म्हणून त्याला जास्त नाहीत. शिमग्याचे पाच दिवस पाहुणे बंद, कारण तेव्हा चाकरमानी घरी येतात, पालखी दारात येते, आणि आम्हालाही आमचं घर हवं असतं.

पहिलं वर्ष वाईट गेलं. सहलवाल्याने बस दुसरीकडे वळवली. सभेत माझ्यावर लोक ओरडले, दोन घरं गटातून बाहेर पडली. त्यातलं एक दुसऱ्या वर्षी परत आलं. तेव्हा मी पाळीच्या वहीकडे बघत बसायचे आणि आपण चुकलो की काय असं वाटायचं. हळूहळू वेगळी माणसं यायला लागली, दोन रात्री राहणारी, फेब्रुवारीत ओल्या काजूची उसळ दोनदा मागून खाणारी, सकाळी खाडीकडे चालत जाणारी.

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त बाई आल्या होत्या, मुलगा नैरोबीला म्हणून त्यांचं तिकडे जाणं-येणं. ओटीवर बसून वाल सोलताना त्यांनी मला मसाई माराच्या भोवतालचं सांगितलं. तिथे मसाई कुटुंबं आपापल्या जमिनी एकत्र करून सफारीच्या तळांना भाड्याने देतात, आणि एकरामागे ठरलेलं भाडं त्यांच्या खात्यात जमा होतं. त्या महिन्यात पर्यटक किती आले, सिंह दिसला की नाही, त्यावर ते अवलंबून नाही. म्हणून तिथे एका प्राण्याभोवती मोजक्याच गाड्या उभ्या राहतात. रवांडात गोरिलाच्या एका कळपाजवळ दिवसातून एकदाच आठ माणसं जातात, एक तास थांबतात आणि परत फिरतात. आणि २०१७ पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटनातल्या उत्पन्नाचे दहा टक्के आसपासच्या गावांना मिळतात, आधी पाच मिळायचे. मी हात पुसले आणि हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर हे लिहून घेतलं. आम्ही इथे धडपडत जे शोधलं ते इतक्या लांब कोणीतरी मोठ्या प्रमाणावर करतंय, याचा मला त्या दिवशी फार आधार वाटला.

निसर्ग वादळ आलं ३ जून २०२०ला. दुपारपर्यंत आमच्या आगरातल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडून पडल्या. सुपारी पुन्हा लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं. घरावर कौल नाही, वीज नाही, त्यात करोना, म्हणजे पाहुणेही नाहीत. त्या पावसात जुन्या पाहुण्यांनी पत्र्यांसाठी पैसे पाठवले. सगळ्यांनी नाही, पण ज्यांनी पाठवले त्यांतल्या निम्म्यांना आमच्याकडे पिल्लू दिसलं नव्हतं. मी वहीत बघितलं होतं. रात्रपाळीचे पगार त्या मोसमात निधीतून निघाले, आणि नोव्हेंबरात पहिलं घरटं मिळालं तेव्हा राखायला माणूस होता.

सगळं बरं चाललंय असं नाही. सुट्टीच्या दिवशी गाड्या अजून पुळणीवर उतरतात. चाकाच्या चाकोरीत पिल्लू पडलं तर त्याला ती दरी होते, ते तिच्यातच लांबच लांब चालत राहतं. फिरायला आलेले उरलेलं जेवण वाळूत टाकून जातात, त्यावर कुत्री पोसतात आणि पुढे तीच कुत्री घरटी उकरतात. उत्तरेच्या टोकाला नवं बांधकाम झालंय, त्याचे दिवे रात्रभर समुद्राकडे. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, समुद्रावरचं आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं या हिशेबाने. मोठा दिवा दिसला की ती उलटी फिरतात. आम्ही तीनदा जाऊन विनंती केली. आता ग्रामसभेत ठराव आणणार आहोत.

संध्याकाळी ओटीवर पाहुण्यांना मी वेळासच्या प्रथमा नावाच्या कासविणीची गोष्ट सांगते. जानेवारी २०२२ मध्ये, ती कुठे जाते ते कळावं म्हणून, तिच्या पाठीवर उपग्रहाचा टॅग लावला, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा तो पहिला. आणि गुहागरची ती मादी, २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली, जी जानेवारी २०२५ मध्ये इथे येऊन अंडी घालून गेली. तोवर आम्ही समजत होतो की त्या बाजूच्या त्या बाजूला आणि आमच्या आमच्याकडे. चुलत सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "म्हणजे मी काढलेली अंडी त्यांचीपण असतील?"

ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. पहाटे त्यांना चालवत नाही, म्हणून रात्रपाळीतला माझा लेक मागाचा फोटो काढून आणतो आणि ते खाटेवर बसून सांगतात, ही वर येऊन परत गेली, घातली नाय. किंवा, वळणाच्या डाव्या अंगाला बघ. अजून एकदाही चुकले नाहीत. मर्यादावेल जिथे वाळूवर पसरलीय तिथे कासवीण सहसा थांबते, हेही त्यांनीच मला शिकवलं.

हे लिहिता लिहिता मघाशी फोन आला. पुण्याचे ते गृहस्थ नव्हेत, साताऱ्याच्या एक शिक्षिका. त्या सलग तीन वर्षं आल्या आणि तिन्ही वेळा पिल्लं त्या गेल्यावर वर आली, एकदा तर त्यांची एसटी सुटल्यावर तासाभरात. तेव्हा मी फोन करून सांगितलं होतं, एकशे चार अंड्यांतून अठ्ठ्याऐंशी गेली. त्या एसटीत सगळ्यांसमोर रडल्या होत्या म्हणे. खोली आहे का, त्यांनी विचारलं, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. आहे म्हटलं. मग म्हणाल्या, "दोन नंबरचं घरटं तेव्हा किती दिवसांचं होईल?"

मी वही काढली. अठ्ठेचाळीस.